माणिकबाईची कढी

कापसाला भाव आला त्या सालापासून वऱ्हाडात मेलेली माणसं परत यायला लागली.

म्हणजे चितेवरून उठून नव्हे. पण ज्यांच्या नावानं घरच्यांचं रडूनही झालं होतं आणि विसरूनही झालं होतं, असे काके, मामे, सावत्र चुलते एकेक करून दारात उभे राहत आणि "मले ओळखलं नाही काय?" असं विचारत. ओळखलं म्हणावं तर पान वाढावं लागे. नाही म्हणावं तर पंच बसवावे लागत, आणि पंचांनाही पान वाढावंच लागे. दर्यापूरच्या वाटेवरच्या सांगवी गावाला एवढंच कळलं होतं, की सात समुद्रांपलीकडं कुठल्याशा मुलखात भावाभावांत लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस अडून राहिला आहे, आणि म्हणून अमरावतीच्या बाजारात आपल्या कापसापुढं व्यापारी हात जोडून उभे आहेत. परक्यांच्या भावांनी असंच भांडत राहावं, असं साकडं गावानं मारुतीला घातलं होतं. आपल्याही घरात एखादा भाऊ निघेल, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

महादेवरावांच्या घरी तो अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तीन दिवस आधी निघाला. सन अठराशे चौसष्टचा उन्हाळा. डोक्याला मळकं मुंडासं, तोंडावर देवीचे व्रण, डावा डोळा पांढरा. ओसरीच्या पायरीवर बसून त्यानं जोडे काढले, ते नीट एकाला एक लावून ठेवले आणि म्हणाला, "मी चंद्रभान."

चंद्रभान हा महादेवरावांचा धाकटा भाऊ. चौदाव्या वर्षी घरातून पळाला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. मध्ये कोणी त्याला बैराग्यांत पाहिला होता, कोणी वाघानं खाल्लेला पाहिला होता. वाघाची गोष्ट घरच्यांना सोयीची वाटली आणि तीच कायम झाली.

"इतके दिवस कुठी होता?" महादेवरावांनी विचारलं.

"अकोल्याले. मोर्णेच्या काठी एका माळ्याच्या मळ्यात मोट हाकत होतो."

"अन् आता काहून आला?"

"साहेबाची मोजणी येऊन राहिली म्हनते. वावर ज्याच्या नावावर चढलं त्याचं. माझा अर्धा हिस्सा हाय. म्हून आलो."

दाराआड उभ्या असलेल्या दुर्गाबाईला, महादेवरावांच्या बायकोला, हे उत्तर मुळीच आवडलं नाही. ठग असता तर आधी गळ्यात पडून रडला असता, मायबापाची आठवण काढली असती, वावराचं चौथ्या दिवशी बोलला असता. हा पहिल्याच वाक्यात वावरावर आला. म्हणजे एक तर हा खरा होता, नाही तर फारच पोचलेला ठग होता. दुर्गाबाईनं दुसरं धरलं. घरात दाणा ठेवायचा तर उंदीर आहेच असं धरून ठेवावा, ही तिची रीत होती.

प्रश्न साधा होता. मोजणीची साखळी आठ दिवसांत सांगवीत येणार होती. थोरलं वावर, काळं, गुडघाभर खोल मातीचं, त्याच्यावर एक नाव चढायचं की दोन, एवढंच ठरायचं होतं. खरा भाऊ असला तर अर्धं जाणार ते भावाला. खोटा असला तर अर्धं जाणार ते चोराला. आणि एकदा सरकारच्या कागदावर गेलं की ब्रह्मदेव आला तरी परत येणार नव्हतं.

पाहुण्याला गावानं दोन दिवस तपासलं. आज्याचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. बांधावरचं मोहाचं झाड कधी पडलं ते विचारलं, त्यानं सांगितलं. पण ह्या गोष्टी पारावर घटकाभर बसलेल्या कुठल्याही माणसाला कळतात, किंबहुना टाळता येत नाहीत. दुर्गाबाईला हवी होती घराच्या आतली खूण. ती तिच्याजवळ होती. एकोणीस वर्षांपासून होती, आणि रोज टोचत होती.

ती म्हणजे सासूची कढी.

सासू माणिकबाई. दुर्गाबाईनं तिला लग्नात एकदा पाहिलं होतं, तेही मुंडावळ्यांतून, दहाव्या वर्षी. नांदायला आली तोवर सासू गेलेली. पण कढी गेली नव्हती. दर अखजीला, घरच्या मेलेल्यांना पान वाढायच्या दिवशी, सासूच्या नावानं कढी करायची. महादेवराव पहिला घोट घेत, डोळे मिटत, आणि भरल्या पंगतीत म्हणत, "चांगली हाय. पन मायच्या कढीची सर नाही." पंगत माना डोलावी. पहिल्या वर्षी एवढंच होतं. पुढं दरवर्षी त्यात भर पडत गेली. माणिकबाईच्या कढीचा वास नदीपर्यंत जाई. माणिकबाईच्या कढीनं अमक्याचा ताप उतरला. नागपूरच्या राजाचा एक सरदार वाट वाकडी करून घोटभर पिऊन गेला. ज्यांनी हे सांगितलं त्यांतल्या एकानंही ती कढी चाखली नव्हती, पण त्यानं सांगण्यात काही अडत नसे. दुर्गाबाईनं लसूण बदलून पाहिला, ताकाच्या म्हशी बदलून पाहिल्या. सर काही आली नाही.

म्हणून अखजीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघे भाऊ, म्हणजे एक भाऊ आणि एक संशय, जेवायला बसले, तेव्हा तिनं दाराआडून विचारलं, "पाहुनेबुवा, सासूबाईच्या हातचं तुमाले काय याद हाय?"

"कढी," तो लगेच म्हणाला.

दुर्गाबाईला वावर अर्धं झाल्यासारखं वाटलं.

"कशी राहे ती?"

पाहुण्यानं महादेवरावांकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. "खरं सांगू? तशी कढी म्या पुन्हा कुठीच खाल्ली नाही. अकोल्यात नाही, बाळापुरात नाही. देवाची किरपा. ताक तीन दिवसाचं. बेसनाच्या ह्या एवढ्या कच्च्या गुठ्या. जवसाच्या तेलात मेथी टाकून माय वावरात निघून जाये, ते मेथीचा कोळसा झाल्यावर वापस ये. मंग कढी फाटे. बूड लागे. ते खरवडून वर आने. मीठ एक बार इसरे, मंग आठवन आली का दोन बार टाके."

 महादेवराव इतक्या मोठ्यानं हसले, की गोठ्यात बैल उठून उभा राहिला.

"पाह्यलं!" ते म्हणाले. "पाह्यलं शकुनची माय? धरला चोर! साऱ्या परगण्याले मालूम हाय माय कशी सुगरन होती, अन् हा म्हनते बूड लागे! अबे, नक्कल कराची त नीट त करून याची!"

दुर्गाबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धी घटका. चोर आपल्या तोंडानं सापडला, वावर वाचलं. पण नवरा हसला तो जरा लवकर हसला असं तिला वाटलं. महादेवराव कुठल्याही गमतीला तिसऱ्या दिवशी हसणारा माणूस होता.

आणि मग तिला ते दिसलं. पाहुण्यानं मुकाट्यानं भाकर उचलली, मधोमध मोडली, आणि मोडलेली बाजू उजेडाकडं धरून आत पाहिलं. मगच घास केला. समोर महादेवरावांनीही भाकर उचलली, मोडली, उजेडाकडं धरली, आत पाहिलं. एकोणीस वर्षं ते असंच करत होते. तिची भाकर आतून कधी कच्ची निघाली नव्हती, तरी ते पाहत. ती हा आपला अपमान समजत आली होती. हे जिथं शिकावं लागलं, ते घर कोणतं असावं आणि तिथं भाकरी कोण भाजत असावी, याचा विचार तिनं आज पहिल्यांदा केला.

भांडी तशीच टाकून ती शेजारच्या तानुबाईकडं गेली. तानुबाई ऐंशीच्या पुढची, माणिकबाईची मैत्रीण. डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यामुळं पाहुणा ओळखायला तिचा उपयोग नव्हता. पण जीभ शाबूत होती.

"आजी, सासूबाईची कढी कशी राहे वं?"

"देवागत बाई होती माणिक," तानुबाई म्हणाली.

"ते हाय. पन कढी?"

"एकटी दोन बायांचा कापूस वेचे. पाठ सरळ करत नव्हती."

"अन् कढी, आजी?"

तानुबाईनं आंधळे डोळे तिच्याकडं वळवले. "तुह्या सासऱ्यानं पोरायले ताकीद देल्ली होती. माय दिवसभर वावरात मरते, तिच्या रांधन्याले जो नाव ठेवीन त्याची पाठ सोलीन. धाकट्यानं ठेवलं. सोलली. दुसऱ्या दिवशी पोरगं घरात नव्हतं." मग सावरून म्हणाली, "म्या कढीबद्दल काई बोलली नाही बरं. देवागत बाई होती."

दुर्गाबाई घरी आली ती वेगळीच होऊन आली. आता तिला पाहुण्याचा संशय उरला नव्हता. संशय रिकामा बसत नाही; तो तिथून उठला आणि नवऱ्याजवळ जाऊन बसला.

"शकुनच्या बाबा," दळताना तिनं विचारलं, "तो खरा असला त?"

"खोटा हाय."

"असला त?"

"पाटील उद्या जेवाले येतीन. कढीची गोष्ट त्यायच्या कानावर घातली का झालं. कोनाची छाती हाय माणिकबाईच्या कढीले नाव ठेवाची?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "अन् उद्या कढी चांगली कर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कढी माहीत होती, भाऊ माहीत होता, आणि ते सव्वीस वर्षं जुनी कढी हातात धरून भावाला दारातून ढकलणार होते. दुर्गाबाई जात्याचा खुंटा धरून बसून राहिली. अर्धं वावर वाचत होतं हे खरं; ते तिच्याही पोरीच्या, शकुनच्या, कामाचं होतं. पण जो माणूस एकोणीस वर्षं दर अखजीला समोर बसून असं खोटं बोलू शकतो, आणि ते बोलून वर भाकर उजेडाला धरतो, तो आपण मेल्यावर आपल्याबद्दल काय सांगेल? कोणत्या भाजीवरून नव्या बायकोला छळेल? जे कळलं त्याची तिला खात्री पाहिजे होती. आणि ती तिला एकाच जागी मिळणार होती. नवऱ्याच्या तोंडावर, पहिल्या घोटाला.

अखजीला ती नेहमीसारखी उठली. कुरडया तळल्या, आंब्याचा रस काढला, चिंचवणी केली. मग गेल्या चार दिवसांचं, कोणी घेत नाही म्हणून कोपऱ्यात राहिलेलं ताक काढलं. बेसन मुठीनं टाकलं आणि ढवळलं नाही. जवसाचं तेल तापवलं, मेथी टाकली, आणि ती काळी होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हे सोपं गेलं नाही. तिचा हात दोनदा आपोआप पळीकडं गेला आणि तिनं तो मागं घेतला. कढी फाटली. बूड लागलं. तिनं ते खरवडून वर आणलं. मीठ दोन वेळा टाकलं. चाखली मात्र नाही. मेलेल्यांना वाढण्याआधी अखजीचं अन्न चाखत नाहीत. धर्माच्या ह्या आज्ञेचा तिला इतका आधार पूर्वी कधी वाटला नव्हता.

पूर्वजांचं पान वाढून झालं. पंगतीला खुशालराव पाटील, म्हातारे नत्थुजी आणि भावकीतले दोघे बसले. टोकाला, थोडा अलग, पाहुणा. महादेवरावांनी कढीची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. पाटील मान हलवत म्हणत होते, "माणिकबाईच्या कढीले नाव? हे त आकाशावर थुकनं झालं."

पत्रावळींवर द्रोण आले. पाटलांनी द्रोण तोंडाला लावला. मग तो खाली ठेवला, आणि आत काही मेलं आहे का ते बोटानं ढवळून पाहिलं.

"वयनी," ते म्हणाले, "हे काय हाय?"

"कढी," दारामागून दुर्गाबाई म्हणाली. "पाहुन्यानं सासूबाईची जशी सांगतली तशी केली, पाटीलबुवा. म्हटलं, पंच बसलेच हायेत. घरधन्यानं चाखून सांगावं, अशी होती का नव्हती."

"नव्हतीच!" नत्थुजी पाण्याचा तांब्या शोधत म्हणाले. "हे माणसाच्या खान्याची चीज हाय काय?"

सगळे महादेवरावांकडं पाहू लागले. महादेवरावांनी दाराकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते दुर्गाबाईला नीट कळलं, आणि तिनं नजर हलवली नाही. बोलायचे शब्द त्यांच्या ओठांवर तयार होते. थू म्हणायचं, द्रोण भिरकावायचा, चोराला वेशीबाहेर घालवायचं. त्यांनी द्रोण उचलला. घोट घेतला.

गिळला. परत घेतला.

"मेथी इतकी नव्हती," ते म्हणाले.

पाटलांनी वर पाहिलं.

"होती," टोकावरून पाहुणा म्हणाला.

"नव्हती. मेथी जळे, पन थोडकी. काळं जे राहे ते बुडाचं. माय पळीनं खरवडे."

"माय कायले खरवडीन? माय त वावरात. बाप खरवडे."

"बापानं कधी पळी धरली नाही!"

"धरली. तू झोपून राहे, तुले काय मालूम?"

"मी झोपून राहो?" महादेवराव पत्रावळीवरून अर्धे उठले. "अन् ढोरं कोन सोडे? तू कोठीत लपून चिंचा खाये अन् ढोरं मी सोडो!"

"चिंचा त तू बी खाल्ल्या. अर्ध्या तुले देल्ल्या होत्या."

"अर्ध्या? तीन देल्ल्या, लबाडा! तीन! अन् त्यातली एक किडकी!"

"किडकी नव्हती ते! तुले पहिल्यापासूनच सारं किडकं दिसते!"

पंगतीत कोणी हलत नव्हतं. महादेवरावांचा हात हवेत राहिला. आपण काय बोललो ते त्यांच्या कानात आता पोहोचत होतं, लांबून येणाऱ्या बैलगाडीसारखं, सावकाश.

पाटलांनी द्रोण दूर सरकवला. "सख्खे हायेत," ते म्हणाले. "चुलत असते त एवढं नसतं. नत्थुजी?"

"हो बाप्पा. परका मानूस चिंचेवरून इतका जळत नाही."

तिथंच निकाल झाला. मोजणीची साखळी आली तेव्हा थोरल्या वावरावर दोन नावं चढली. उत्तरेकडची बाजू चंद्रभानची, विहिरीकडची महादेवरावांची. गावानं चार दिवस ह्यावर चर्चा केली आणि मग विहिरीला किती पाणी आहे ह्या चर्चेकडं वळलं. माणिकबाईच्या कढीबद्दल मात्र गाव काहीच बोललं नाही. नत्थुजी आठवड्याभरात परत सरदाराची गोष्ट सांगू लागले होते.

दुर्गाबाईनं नवऱ्याला एकदाच विचारलं. "काहून लपवलं इतकी वर्षं?"

"बापाची ताकीद होती."

"बाप मेला त्याले किती वर्षं झाले?"

"ताकीद नाही मेली," महादेवराव म्हणाले. मग जोडे घालता घालता, "अन् पहिल्या अखजीले तू कढी केली, ते इतकी चांगली होती... मले मायची लाज वाटली. आता तिच्या बाजूनं बोलाले माह्याशिवाय कोन होतं?" असं म्हणून ते बैल पाहायला निघून गेले. हे उत्तर खरं होतं का, ते दुर्गाबाईनं बरेच दिवस चाळून पाहिलं. चिंचेचं भांडण घसरून झालं की त्यांनी मुद्दाम घसरू दिलं, हेही तिला कळलं नाही. अर्धं वावर घालवून तिनं खात्री विकत घेतली होती, आणि घरी आणून पाहते तो ती अर्धीच निघाली.

चंद्रभानचं लग्न झालेलं नव्हतं. वाटणी झाल्यावर चूल वेगळी करायची रीत, म्हणून त्यानं अंगणाच्या पलीकडच्या टोकाला तीन दगड मांडले आणि स्वतः रांधू लागला. अंगणातून धूर येई. धुरात जळक्या मेथीचा वास असे.

महिनाभरानं तिच्या ध्यानात आलं, की महादेवराव दुपारच्या जेवणाला अर्धीच भाकर घेतात. पोट भरलेलं आहे म्हणतात, आणि बैल पाहायला जातात. बैल कधी नव्हे इतके पाहिले जात होते. एका दुपारी ती मागोमाग गेली. बैल गोठ्यात होते, त्यांना कोणी पाहत नव्हतं. अंगणाच्या टोकाला दोघे भाऊ उकिडवे बसले होते, मध्ये काळं मडकं, हातात द्रोण.  महादेवराव खाली मान घालून, तोंड वाकडं करून, घोट घोट पीत होते, आणि संपल्यावर त्यांनी द्रोण परत पुढं केला.

तिची सावली पडली तसे दोघांनी वर पाहिलं. चोरी पकडल्यावर पोरं पाहतात तसं.

दुर्गाबाईनं खाली बसून पदर सावरला आणि हात पुढं केला. "द्या मले बी."

"वयनी, राहू द्या," चंद्रभान म्हणाला. "तुमाले नाही जमाचं."

"द्या म्हनते ना."

त्यानं द्रोण भरून दिला. सासूची कढी तिनं रांधली होती, वाढली होती, तिच्यापायी वावर वाटलं होतं. चाखली कधीच नव्हती. तिनं घोट घेतला. मीठ जिभेला आधी लागलं, मग धूर, मग कच्च्या बेसनाची गुठळी दातांत आली. ती चावली. गिळली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही.

दोघे भाऊ तिच्या तोंडाकडं टक लावून, संशयानं पाहत होते. दुर्गाबाईनं दुसरा घोट घेतला, आणि त्यांना बराच वेळ तसंच पाहू दिलं.